भुलाबाईच्या मांडीवर लेक कधी?

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवला की घर कसे सुने सुने वाटू लागते. पण आमच्या वऱ्हाडात हे सुनेपण एका रात्रीपेक्षा जास्त टिकत नसे. दुसऱ्या दिवशी भाद्रपदी पौर्णिमा. घरातल्या पोरी एखादी देवळी सारवून घेत, ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा करीत आणि त्यात भुलाबाई बसवीत. फेटा बांधलेला भुलोजी, शेजारी भुलाबाई आणि मांडीवर इवलासा गणोबा. सारी मातीची बाहुल्यांची मंडळी! तेथून कोजागरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी गाणी, टिपऱ्या आणि झाकून आणलेली खिरापत ओळखण्याचा दंगा. मध्ये पितृपक्ष येतो. मोठ्या माणसांची शुभकार्ये तेव्हा थांबतात, पोरींचा खेळ मात्र थांबत नाही.

कोण ही भुलाबाई? सारीपाटात हरलेला शंकर रुसून रानात गेला, पार्वती भिल्लिणीच्या रूपाने त्याच्या मागे गेली आणि तो तिला भुलला, अशी कथा सांगतात. भुलला तो भुलोजी, भुलवणारी ती भुलाबाई. एवढ्या मोठ्या देवाला पोरींनी घरचा जावई करून टाकले! खानदेशात हीच गुलाबाई होते. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात मुली हत्तीभोवती फेर धरून भोंडला खेळतात.

बाहुल्यांतून देवाशी नाते जोडणारे आपण काही एकटेच नाही. म्हैसूरकडे दसऱ्याला घरोघरी बाहुल्या मांडतात. जपानात ३ मार्चला मुलींच्या सुखासाठी बाहुल्यांचा सण होतो. पण भुलाबाईचे वेगळेपण असे, की येथे ना भटजी, ना मंत्र, ना मुहूर्त. पूजा मुलींची, गाणी मुलींची, हट्टही मुलींचाच. सासुरवासाची, माहेरच्या ओढीची गोष्ट मोठ्यांसमोर उघड बोलायची सोय नव्हती. ती या मातीच्या बाईच्या तोंडी घालून गाता येई.

आज महिन्याचा खेळ बऱ्याच ठिकाणी पाच दिवसांवर, नाहीतर एकट्या कोजागरीच्या रात्रीवर आला आहे. शेतात सोयाबीन वाढले आणि खरिपाची ज्वारी घटली, त्यामुळे मखराला धांडे शोधत फिरावे लागते. मूर्तीही पुष्कळदा साच्यातली, प्लास्टरची. याचे रडगाणे मात्र मला गायचे नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी सासरी जाणारी पोर आज शाळेत जाते. त्या बदल्यात चार गाणी विस्मरणात गेली तर सौदा वाईट नाही.

दुखते ते निराळेच. आपला बुलढाणा जिल्हा जिजाऊंचा. १५९८ साली सिंदखेडराजाला त्यांचा जन्म झाला. त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या ८५५. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, हाच आकडा ९०८ होता. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ मध्ये केंद्राचाही आला. कायदा होता, आणि तरीही मुली घटल्या. टिपऱ्या धरणारे हातच कमी झाले, तर भुलाबाई मांडायची कोणासाठी?

आता त्या मूर्तीकडे पुन्हा पाहा. मांडीवर कोण? गणोबा. आपली भुलाबाई पिढ्यान्पिढ्या मुलाचीच आई. गाण्यांत डोहाळे पुरवायचे ते त्याचेच. यात पोरींचा काय दोष? घरात जे कौतुक त्यांनी पाहिले, तेच मातीत उतरले.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. यंदा भुलाबाई विकत आणू नका, घरी करा. तळ्याचा गाळ आणा, चाळा, भिजवून चांगला तुडवा. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. थोडा पिंजून मातीत मळला की तडे कमी जातात. मूर्ती सावलीत वाळवा. कुंभारदादांना बोलवा, दोन दिवसांची मजुरी द्या आणि पोरींना त्यांच्या हाताखाली बसवा. पोरांनाही बसवा, माती तुडवायला ती बरी पडतात! नाक वाकडे झाले तर होऊ द्या. वाकड्या नाकाची भुलाबाईही आपलीच.

आणि भुलाबाईच्या दुसऱ्या मांडीवर एक लेक द्या. गणोबाला बहीण मिळाली तर देव कोपणार नाही. तिचे नाव पोरींनाच ठेवू द्या, तिच्या डोहाळ्यांची नवी गाणीही त्यांनाच रचू द्या.

एखादी आजी म्हणेल, असे कधी नव्हते बाई! तिला हळूच सांगावे, म्हणूनच तर करायचे, माय. मातीची बाहुली काही जनगणनेचा आकडा बदलत नाही, हे मलाही कळते. पण लेकीला मांडीवर जागा देण्याची सवय हाताला लागली, तर मनाला लागायला किती वेळ लागतो?