रंगाचे इंजेक्शन रक्ताला चिकटते काय?

‘डॉक्टर, तो डाय रक्तात मुरला तर?’ सीटी स्कॅनसाठी नांदेडला निघालेले वसमत, कळमनुरी, सेनगावकडचे रुग्ण हे हमखास विचारतात. काही जण तर याच भीतीने तपासणी टाळतात. वसमतच्या हळदीचे डाग ज्यांनी धुतले त्यांना रंगाची धास्ती वाटणारच! पण हा ‘रंग’ पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्यातले आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून रक्तवाहिन्या चित्रात पांढऱ्या उठून दिसतात.

रक्तात अल्ब्युमिन नावाचे, यकृतात तयार होणारे प्रथिन असते. ते रक्तातले हमालच. रक्त गोठू न देणारी वॉरफेरिनची गोळी शंभरात नव्व्याण्णव भाग त्याच्याच पाठीवर बसून फिरते. सोनोग्राफी येण्यापूर्वी पित्ताशयाच्या क्ष-किरण तपासणीसाठी आदल्या रात्री आयोडीनयुक्त गोळ्या देत. ते औषध अल्ब्युमिनला घट्ट धरून राही. मूत्रपिंडाची चाळणी अल्ब्युमिनला सोडत नाही; त्यामुळे औषध यकृतामार्गे पित्तात उतरे. तिथे चिकटणेच कामाचे होते.

आज शिरेतून देतात ती आयोहेक्सॉलसारखी औषधे प्रथिनांना शंभरात दोन भागही चिकटत नाहीत. मोकळी असल्याने चाळणीतून सुटतात. मूत्रपिंड धडधाकट असेल तर सुमारे दोन तासांत निम्मी आणि दिवसभरात जवळपास सारी लघवीवाटे निघून जातात.

म्हणजे काळजी रक्ताची नव्हे, मूत्रपिंडाची करायची. पण लोक सांगतात काय, तर ‘मला मासे चालत नाहीत!’ माशांची ॲलर्जी माशातल्या प्रथिनाची असते. आयोडीन तर आपण रोज मिठातून खातो. सांगायचे ते वेगळेच: मूत्रपिंडाचा आजार, दमा, मधुमेहासाठी चालू असलेली मेटफॉर्मिन, आधीच्या अशा इंजेक्शनचा त्रास. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्यावा. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नये. तातडीच्या प्रसंगी मात्र रिपोर्टसाठी अडून न बसता निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

माझे स्पष्ट मत आहे की संमतीपत्र रुग्णाला मराठीतून वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊच नये. रांगेत उभ्या नातेवाइकाने घाईत केलेल्या सहीला संमती कसे म्हणायचे?

इंजेक्शन जाताना अंग गरम झाले, तोंडात धातूसारखी चव आली तर घाबरू नये. ते लगेच ओसरते. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडला तर मात्र संकोच न करता तिथल्या तिथे ओरडून सांगावे.