भोगी कोणाची?

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी बदलापूरच्या मराठी घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी होते. त्याच दिवशी अंबरनाथला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या तमिळ घरात जुने-मोडके जाळतात. त्या दिवसाचे नावही भोगीच! दुसऱ्या दिवशी नवे तांदूळ, दूध, गूळ उतू जाईपर्यंत शिजवून सूर्याला नैवेद्य दाखवतात. उतू जाणे हाच ‘पोंगल’चा अर्थ. फाळणीने बेघर केलेला उल्हासनगरचा सिंधी समाजही याच सुमारास लाललोईचा अग्नी पेटवतो.

तरीही पोंगल हा हिंदूंचा सणच नव्हे, असे द्राविडवादी बुद्धिवंत सांगत असतात. २००८ मध्ये द्रमुक सरकारने तर कायद्याने तमिळ वर्षारंभ चित्तिरै महिन्यातून उचलून पोंगलच्या दिवशी आणला. लोकांचे पंचांग विधिमंडळाला विचारून चालते काय? २०११ मध्ये जयललितांच्या सरकारने तो कायदा रद्द केला.

परंतु केवळ चेन्नईकडे बोट दाखवून सुटका नाही. १९६० च्या दशकात मुंबईत लुंगीविरुद्ध घोषणा घुमल्या, तेव्हा तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती, हे कितीजणांना आठवले? आजही शेजारच्या उंबऱ्यावरील कोलम पाहून ‘त्यांचा काहीतरी सण दिसतो’ म्हणत जिना उतरणारी सुशिक्षित मराठी कुटुंबे आहेत. हातातला तिळगुळाचा डबा त्या दाराशी थांबत नाही.