रानाची राखण दप्तरापासून

पुण्यालगतच्या कोंढवा बुद्रुक येथील 11.89 हेक्टर राखीव वनाची जमीन महसूल खात्याने वनखात्याच्या स्वाधीन करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 15 मे 2025 रोजी दिला. महसूल खात्याच्या ताब्यात राहिलेली राखीव वने अन्यत्रही खाजगी व्यक्तींना वा संस्थांना दिली गेली आहेत काय, याचा शोध प्रत्येक राज्याने विशेष पथके नेमून घ्यावा आणि अशा जमिनी वर्षाच्या आत वनखात्याकडे सोपवाव्यात, असेही न्यायालयाने बजावले. हा निर्णय कोंढव्याचा, आपला नव्हे, असे मानून मुळशी तालुक्याला स्वस्थ बसता येणार नाही.

या प्रकरणाचा इतिहास उद्बोधक आहे. ही जमीन 1879 साली राखीव वन म्हणून घोषित झाली. 1998 साली ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबास देण्यात आली आणि पुढच्याच वर्षी एका गृहनिर्माण संस्थेस विकली गेली. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून वनजमीन अन्य कामास देता येत नाही, हा कायदा तर 1980 पासून आहे. मग हे घडले कसे? राजपत्रात वन, पण ताबा महसूल खात्याचा, या विसंगतीत त्याचे उत्तर आहे.

वनखात्याने पावसाळ्यात रोपे लावावीत आणि उन्हाळ्यात वणवे विझवावेत, की त्याचे कर्तव्य संपले, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु ज्या जमिनीवर खात्याचा ताबाच नाही, तिचे रक्षण वनरक्षकाने कशाच्या बळावर करावे? दप्तर शुद्ध करणे हेच वनसंवर्धनाचे पहिले काम होय.

मुळेच्या खोऱ्यातील भरे आणि त्याच्या शेजारची गावे पाहा. उतारावरचा झाडोरा पावसाचे पाणी अडवितो, जमिनीत मुरवितो. तो गेला की माती ओढ्यात जाते आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. पश्चिमेस ताम्हिणीचे अभयारण्य 2013 साली घोषित झाले. पण ते अभयारण्य आणि शहराची वेस यांच्यामधल्या टेकड्यांना वाली कोण? याच तालुक्यात लवासाच्या बांधकामाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस मिळाली, ती नोव्हेंबर 2010 मध्ये, इमारती उभ्या राहिल्यावर! वरातीमागून आलेल्या अशा घोड्याचा उपयोग काय?

तथापि सारा दोष खात्यांवर ढकलून आपण सुशिक्षितांनी मोकळे होऊ नये. डोंगरकुशीत बंगला बांधण्याची हौस आपलीच आहे. विकत घेताना जमिनीचा पूर्वेतिहास विचारणारे आपल्यात किती? खात्यानेही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मोळी नेणाऱ्या कातकऱ्यावर डोळे वटारावयाचे आणि धनिकाच्या कुंपणापुढे नरमावयाचे, असा पंक्तिप्रपंच झाला, तर गावकरी त्यास आपले मानणार नाहीत; आणि गावाच्या साह्यावाचून रान राखता येत नाही.

जिल्हाधिकारी व उपवनसंरक्षक यांनी प्रत्येक गावातील वनजमिनीचे गट क्रमांक, क्षेत्र आणि ताबा यांची एकत्रित यादी करून ती चावडीवर लावावी, हद्दीच्या खुणा गावकऱ्यांसमक्ष पक्क्या कराव्यात आणि आरंभ मुळशीतून करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. कोंढव्याची जमीन परत मिळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. भऱ्याच्या टेकड्यांसाठी तलाठ्याचे दप्तर आणि वनरक्षकाचा नकाशा वेळीच एका मेजावर आले, तर ती पायरी चढण्याची पाळी येणार नाही.