आपला माणूस की आपली लेक?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक होऊ घातलेल्या माणसावर एखाद्या स्त्रीने लैंगिक छळाचा आरोप केला, की त्या देशात आरोपीआधी तिचीच उलटतपासणी सुरू होते. १९९१ साली अनिता हिल यांनी हे भोगले, २०१८ साली ख्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांनी भोगले. दोन्ही वेळा आरोप झालेले गृहस्थ न्यायासनावर जाऊन बसले आणि आजही बसलेले आहेत. यातील १९९१ चे प्रकरण फुले-आंबेडकरी चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने मुळापासून समजून घेतले पाहिजे. कारण तेथे आरोप करणारी स्त्री कृष्णवर्णीय होती आणि ज्याच्यावर आरोप होता तो पुरुषही कृष्णवर्णीयच होता. शोषितांच्या घरातच उभा राहिलेला हा प्रश्न होता.

त्या वर्षी न्यायमूर्ती थर्गुड मार्शल निवृत्त झाले. शाळांतील वर्णभेद मोडीत काढणारा १९५४ चा खटला लढविणारे वकील आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश, अशी त्यांची थोरवी. त्यांच्या जागी थोरल्या बुश यांनी नाव सुचविले ते क्लॅरेन्स थॉमस यांचे. थॉमसही काळेच. जॉर्जियातील गरिबीतून वर आलेले, येल विद्यापीठात कायदा शिकलेले. पण विचाराने मार्शल यांच्या नेमके उलट टोकाचे आणि वर्णाधारित सवलतींचे कट्टर विरोधक. मार्शल यांची खुर्ची मार्शल यांच्याच विचाराविरुद्ध वापरायची, आणि त्यासाठी माणूस मात्र काळाच निवडायचा, ही प्रस्थापितांची जुनी चाल आहे. आपल्याकडे राखीव जागांवर निवडून आणलेल्या होयबांची जत्रा पाहणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. कृष्णवर्णीयांची सर्वात जुनी हक्क संघटना एनएएसीपी हिने थॉमस यांना विरोध केला. पण मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्थापन केलेल्या संघटनेने पाठिंबा दिला. सामान्य माणूस म्हणत होता, कसाही असला तरी तो आपला आहे.

अशा वेळी अनिता हिल यांचे म्हणणे बाहेर आले. ओक्लाहोमातील शेतकरी कुटुंबातील तेरा भावंडांतील ही सर्वात धाकटी लेक. तीही येलमध्ये शिकून कायद्याची प्राध्यापक झालेली. थॉमस यांच्या हाताखाली तिने आधी शिक्षण खात्यात आणि नंतर समान रोजगार संधी आयोगात काम केले होते. कामाच्या जागी छळ झालेल्या स्त्रीने दाद मागायची ती याच आयोगाकडे, आणि त्याचे प्रमुख खुद्द थॉमस! तिचा आरोप असा, की वरिष्ठ असताना थॉमस तिच्यापुढे अश्लील बोलत आणि आपल्याबरोबर बाहेर येण्याचा तगादा लावत. थॉमस यांनी सारे आरोप साफ नाकारले. सिनेट मतदान उरकण्याच्या बेतात होती. ८ ऑक्टोबरला सात स्त्री लोकप्रतिनिधी चालत सिनेटवर गेल्या, तेव्हा कुठे मतदान पुढे ढकलले गेले आणि सुनावणी झाली. न्यायविषयक समितीत चौदा सदस्य होते. चौदाही पुरुष, चौदाही गोरे. अध्यक्ष होते जो बायडेन.

थॉमस यांनी समितीपुढे जाऊन सांगितले, की हे माझे आधुनिक पद्धतीचे लिंचिंग चालले आहे.

लिंचिंग म्हणजे काय, हे ज्यांच्या बापजाद्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. गोऱ्यांच्या झुंडींनी हजारो काळ्या माणसांना झाडाला लटकवून ठार मारले. गोऱ्या बाईकडे वाकड्या नजरेने पाहिले, एवढा खोटा आळदेखील त्याला पुरत असे. हा शब्द कानी पडताच गोरे सिनेटर वरमले आणि काळी वस्ती हळहळली. पण कोणी विचारले नाही, की काळ्या स्त्रीने तक्रार केली म्हणून गोऱ्यांच्या झुंडी कधी धावून आल्या होत्या? गुलामीच्या काळात मालकाने काळ्या स्त्रीची अब्रू घेतली तर तो गुन्हासुद्धा नव्हता. तिच्यासाठी कायदाही उठला नाही आणि झुंडही उठली नाही. समाजाच्या अंगावरची सर्वात खोल जखम एका माणसाने ढाल म्हणून हातात घेतली आणि ती ढाल त्याच समाजाच्या लेकीविरुद्ध वापरली. आमच्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे.

लोकमत कोणाच्या बाजूने गेले? त्या वेळच्या चाचण्यांत बहुसंख्य लोक थॉमस यांच्यावर विश्वास ठेवत होते आणि कृष्णवर्णीयांतही त्यांची बाजू घेणारेच जास्त होते. हिल यांना विचारले गेले, दहा वर्षे गप्प का बसलीस? छळ होत होता तर दुसऱ्या नोकरीतही त्याच्याच मागे का गेलीस? आणि सर्वात बोचरा प्रश्न घरच्यांचाच, की गोऱ्यांसमोर आपली लक्तरे का टांगलीस? अँजेला राइट नावाची आणखी एक स्त्री थॉमस यांच्याविरुद्ध सांगायला तयार होती. तिला समितीपुढे बोलावलेच नाही. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी ५२ विरुद्ध ४८ मतांनी थॉमस न्यायमूर्ती झाले. त्या ५२ मध्ये विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचेही अकरा जण होते.

पण सगळ्याच गप्प बसल्या नाहीत. महिनाभरातच १,६०३ कृष्णवर्णीय स्त्रियांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये निवेदन छापले आणि आपल्या बचावासाठी आपणच उभ्या आहोत, असे जाहीर केले. दुसऱ्या वर्षी लोकमताचा काटा हिल यांच्याकडे झुकला. इलिनॉयमध्ये थॉमस यांना मत देणाऱ्या सिनेटरला त्याच्याच पक्षाच्या कॅरोल मोझली ब्रॉन यांनी उमेदवारीच्या लढतीत हरवले. पुढे निवडून येऊन त्या सिनेटमधील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

आणि 'आपला माणूस' काय करीत राहिला? २०१३ साली मतदान हक्क कायद्याचा कणा मोडणाऱ्या निकालात थॉमस बहुमतात होते. २०२३ साली विद्यापीठ प्रवेशातील वर्णाधारित सवलती संपविणाऱ्या निकालातही ते बहुमतात होते. कातडी पाहून ज्यांनी त्याला खांद्यावर घेतले, त्यांच्याच नातवंडांच्या वाटेवर त्याने काटे पेरले. लेकीला खोटे पाडून समाजाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब आता त्यांनीच करावा.

२०१८ साली ब्रेट कॅव्हनॉ यांच्या वेळी रंगाचा प्रश्न नव्हता. ते गोरे, बड्या घरचे, महागड्या शाळेतले. शाळकरी वयात त्यांनी आपल्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला, असे फोर्ड यांनी शपथेवर सांगितले. त्यांनीही आरोप नाकारला. तेथे लिंचिंगची ढाल चालणार नव्हती, म्हणून पोरवयाची ढाल पुढे आली. किती जुनी गोष्ट, एका चांगल्या माणसाच्या आयुष्याची माती का करता, असे म्हटले गेले. त्याच वयाच्या गरीब काळ्या पोराला तेथील पोलीस इतकी माया दाखवितात काय? समितीवरील रिपब्लिकन सदस्य सगळे पुरुष, म्हणून प्रश्न विचारायला त्यांनी एक स्त्री वकील भाड्याने आणली. ५० विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक झाली. ढाल बदलली, निकाल तोच राहिला.

हे सारे अमेरिकेतले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. आपल्या पँथरने १९७२ साली आपले नावच तेथील ब्लॅक पँथरकडून घेतले होते. शिवाय तेथे निदान उघड सुनावणी तरी होते, सारा देश ती पाहतो. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश कॉलेजियमच्या बंद खोलीत ठरतात. २०१९ साली खुद्द सरन्यायाधीशांवर एका स्त्री कर्मचाऱ्याने आरोप केला, सरन्यायाधीशांनी तो नाकारला. न्यायमूर्तींच्या अंतर्गत समितीने आरोपात तथ्य नसल्याचे सांगितले, पण तो अहवाल जनतेला कधी पाहायला मिळाला नाही. आणि कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली ती कोणामुळे? बालविवाह रोखायला गेली म्हणून जिच्यावर अत्याचार झाला, त्या राजस्थानच्या भंवरीदेवी या कुंभार स्त्रीमुळे. देशातील नोकरदार स्त्रियांना संरक्षण मिळाले. भंवरीदेवींचे आरोपी मात्र १९९५ मध्येच बलात्काराच्या आरोपातून सुटले होते.

आता आपल्या घरात पाहू. खैरलांजी घडली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, लाठ्या खाल्ल्या, आणि ते योग्यच होते. पण आरोपी आपल्याच संघटनेतला, आपल्याच व्यासपीठावर बाबासाहेबांच्या नावाने गर्जना करणारा असेल तर? तेव्हा तक्रार करणाऱ्या मुलीच्या कानात आपण काय सांगतो? चळवळ बदनाम होईल. मनुवाद्यांच्या हाती कोलीत देऊ नकोस. आपसात मिटवून टाकू. अनिता हिल यांना ऐकविलेले शब्द आणि हे शब्द यांत काडीचा फरक नाही.

आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असे आम्ही म्हणत नाही. दलित तरुणांना खोट्या गुन्ह्यांत अडकविले जाते हे आम्ही जाणतो, आणि म्हणूनच नीट चौकशीची मागणी करतो. चौकशी दोघांनाही न्याय देते. दडपणे हा मात्र एकाच बाजूने दिलेला निकाल असतो. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती सक्तीची आहे. आपली माणसे चालवितात त्या शाळा-महाविद्यालयांत, पतपेढ्यांत ती आहे काय? असल्यास तिची बैठक शेवटची कधी झाली? कायद्याचे बंधन नसलेल्या आपल्या संघटनांनी, विहारांनी, विद्यार्थी मंडळांनी ती स्वतःहून का नेमू नये?

समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. त्या मापात कातडीला, जातीला, नात्यागोत्याला आणि नेत्याच्या नावाला जागा नाही. तक्रार घेऊन लेक दारात उभी राहील तेव्हा आधी तिला आत घ्या, तिचे ऐका, मग त्याला विचारा. चळवळ बदनाम होते ती लेकीला दारातून परत पाठविल्याने.