हरवलेल्या मुलीचा हिशेब

मूकपटांच्या काळात ‘वाट चुकलेली मुलगी’ हा हमखास चालणारा विषय होता. मुलगी फसते, घराबाहेर पडते आणि शेवटी एक तर नदी जवळ करते, नाही तर एखाद्या सज्जनाच्या पायाशी येऊन पडते. जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांचा १९२९चा जर्मन मूकपट ‘डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल’ याच पठडीत बसवला जातो. मला तो तसा वाटत नाही. आयुष्याची बरीच वर्षे बँकेच्या काउंटरपलीकडे गेल्यामुळे असेल. पण या चित्रपटात मला प्रेमापेक्षा पैसाच अधिक बोलताना दिसतो.

ट्यूमियान ही औषधविक्रेत्याची मुलगी. दुकानातला मदतनीस माइनर्ट तिला नासवतो, मूल होते. नातेवाईक बैठक घालून ठरवतात, की तिने त्याच्याशीच लग्न करावे. ती नकार देते. बस्स, एवढाच तिचा गुन्हा! मूल सुईणीकडे आणि ती सुधारगृहात. तिथे मुलींनी सूप प्यायचे तेही ठोक्यावर. बाई ताल देते आणि चमचे एकदम वर जातात. शिस्तीचे इतके ओंगळ दर्शन मला दुसऱ्या कुठल्या चित्रपटात झालेले नाही. ती पळून येते तेव्हा मूल दगावलेले असते. पुढे कुंटणखाना. लुईझ ब्रुक्स ही अमेरिकन नटी हे सारे ऊर न बडवता, नुसते समोर पाहून दाखवते.

मग बाप मरतो. दुकान माइनर्टच्या हाती गेलेले. त्याचे पैसे ट्यूमियानच्या वाट्याला येतात. नवे आयुष्य मांडता यावे इतके. नेमका तेव्हाच माइनर्ट तिच्या सावत्र आईला दोन पोरांसह दाराबाहेर काढतो. ही तीच बाई, जिला ट्यूमियान घरात नको होती. ट्यूमियान सगळी रक्कम धाकट्या सावत्र बहिणीच्या हातात ठेवते. या पोरीवर आपली वेळ येऊ नये, एवढाच विचार.

वारसाची प्रकरणे मी पुष्कळ पाहिली. बहिणी सही करायला येतात, पेनचे टोपण भाऊ काढून देतो आणि ‘आम्हाला काही नको’ हे त्या घरूनच पाठ करून आलेल्या असतात. ट्यूमियानला कुणी भरीस घातलेले नाही. हाती पैसा नसलेल्या मुलीचे काय होते, हे तिला पुरते ठाऊक आहे.

शेवटी एक म्हातारा काउंट तिला आधार देतो आणि ती त्याच सुधारगृहाच्या आश्रयदात्या स्त्रियांत जाऊन बसते. जुनी मैत्रीण एरिका तिथे ‘न सुधारणारी’ म्हणून उभी केली जाते, तेव्हा ट्यूमियान उठून खडे बोल सुनावते आणि तिला घेऊन बाहेर पडते. यावर काउंटचे म्हणणे असे, की जगात थोडे अधिक प्रेम असते तर कुणीच वाया गेले नसते. वाक्य गोड आहे. पण काउंटचे नाव पाठीशी नसते तर त्या दालनात ट्यूमियानला कुणी खुर्ची दिली असती काय? मार्गारेटे बोमे यांच्या १९०५च्या मूळ कादंबरीतली नायिका मरते. पाब्स्टने तिला जगवले, हे मात्र मला मोलाचे वाटते.

ब्रुक्सचे पुढे काय झाले? चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी केली. नंतर सीबीएसचे विल्यम पेली यांच्याकडून तिला दरमहा ठरावीक रक्कम मिळू लागली. रॉचेस्टरला राहून तिने चित्रपटांवर लेख लिहिले; त्यांचे पुस्तक १९८२ साली निघाले. तीन वर्षांनी ती गेली.