विद्यार्थ्यांच्या विधिसेवेला अनुभवाची जोड हवी

१९७६ साली राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३९-कने दुर्बलांना मोफत कायदेविषयक साहाय्याचे आश्वासन दिले. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'न्याय बंधू' उपक्रमात वकील स्वेच्छेने विनामूल्य सेवा देतात. विधी महाविद्यालयांतही 'प्रो बोनो क्लब' स्थापन झाले आहेत. या दोहोंची सांगड घालणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थी पक्षकाराचे गाऱ्हाणे ऐकतो, अर्जाचा मसुदा तयार करतो. परंतु सनद नसल्याने अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये त्याला न्यायालयात वकिली करता येत नाही. शिवाय मसुद्यातील एखादी चूक पोटगीसाठी आलेल्या मातेला महाग पडते. अनुभवी वकिलांनी आठवड्यातून दोन तास दिले, तर तिचे प्रकरण मार्गी लागेल आणि उद्याचा वकील सेवाभाव शिकेल. आपल्यातील वकील बंधुभगिनींनी याचा अवश्य विचार करावा.