एका शब्दात उत्तर द्या

(द्वितीय वर्ष, कला)

योनाला कोणी गिळले? एलीयाला ओढ्याकाठी भाकर कोणी आणून दिली? अलीशाची थट्टा करणाऱ्या किती पोरांना अस्वलींनी फाडले? मथुशलह किती वर्षे जगला? बलामाच्या कोणत्या जनावराला वाचा फुटली?

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी ही उत्तरे देता येतात. मासा, कावळे, बेचाळीस, नऊशे एकोणसत्तर, गाढवी. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली पाय ठेवला आणि पुढे खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांपैकीच एक आमच्या गावची. तेथे नाताळच्या आठवड्यात आणि मे महिन्याच्या सुट्टीत बायबलची प्रश्नमंजूषा ठरलेली. दोन गट, मध्ये टेबल, टेबलावर घंटी आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. इतर वाचकांना यात नवल वाटू नये. रामायणावरही अशाच स्पर्धा होतात आणि तेथे जटायू, जांबुवंतापासून सेतूवरच्या खारीपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली जाते.

या स्पर्धांवर मी टीका करणार आहे, म्हणून आधी त्यांचे ऋण मान्य करते. माझे आईवडील चौथीच्या पुढे गेले नाहीत. घरात पुस्तक म्हणावे असे एकच, ते पवित्र शास्त्र. चार माणसांसमोर उभे राहून मोठ्याने बोलायचे असते, हे मला शाळेने नव्हे तर त्या टेबलावरच्या घंटीने शिकवले. शिवाय माहितीच नसेल तर विचार तरी कशावर करायचा, हेही खरे. माझा आक्षेप वेगळा आहे. आपण जे विचारतो, त्यावरून मुलाला पुस्तकात काय पाहायचे ते समजते. आणि आपण वर्षानुवर्षे केवळ नाव आणि आकडा विचारत आलो आहोत.

बरे, नाव आणि आकडा तरी धड विचारावा! योनाला देवमाशाने गिळले, असे उत्तरपत्रिकेत सर्रास छापलेले असते. योनाच्या पुस्तकात देवमासा नाही. हिब्रूत नुसता ‘मोठा मासा’ आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या माशासाठी जो ग्रीक शब्द आला, त्याचा अर्थ मोठा सागरी प्राणी असा होतो. इंग्रजीच्या १६११ सालच्या प्रसिद्ध भाषांतरात तेथे देवमासा आहे. अर्थात हा मासा देवाने मुद्दाम सिद्ध केला, असे मूळ कथेतच आहे. तेव्हा मराठी मुलाने ‘देवमासा’ म्हटले तर परीक्षकाने शब्दाची फोड करून निदान अर्धा गुण द्यायला हरकत नाही. हव्वेने खाल्लेल्या फळाचीही तीच गत. उत्पत्तीच्या पुस्तकात त्या फळाचे नाव नाही, सफरचंद मागाहून चित्रकारांनी पिकवले. पूर्वेकडचे ज्ञानी किती आले, तर ‘तीन’. पण पुस्तकात तीन आहेत त्या भेटी: सोने, ऊद आणि गंधरस. माणसांची मोजदाद कोणी केलेली नाही. बेथलेहेमच्या गव्हाणीत बाळ ठेवले असे लूक सांगतो, परंतु शेजारी उभे असलेले बैल आणि गाढव मात्र त्याने सांगितलेले नाहीत.

आणि नोहाने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? ‘दोन’ म्हणून सगळे घंटी वाजवतात. पुढचाच अध्याय उघडला तर शुद्ध मानलेले पशू सात-सात घ्यायला सांगितलेले दिसतात. या प्रश्नाची एक गंमत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. १९८१ साली एरिक्सन आणि मॅटसन या दोन अमेरिकन संशोधकांनी लोकांना विचारले, की मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? बहुतेकांनी ‘दोन’ सांगून टाकले. तारू नोहाचे, मोशेचे नव्हे, हे त्यांना चांगले माहीत होते. तरीही प्रश्नाचा ओळखीचा सूर ऐकताच ओळखीचे उत्तर बाहेर पडले. मानसशास्त्रात याला ‘मोशेचा भ्रम’ असे नावच पडले आहे. आमच्या स्पर्धेत प्रश्न पुरा होण्याआधी घंटी वाजते आणि टाळ्याही पडतात, तेव्हा मला या प्रयोगाची आठवण होते.

काही उत्तरे तर गावागणिक बदलतात. बायबलमध्ये मांजर आहे का? आम्हां प्रोटेस्टंटांच्या सहासष्ट पुस्तकांत नाही. कॅथलिकांच्या बायबलात पुस्तके त्र्याहत्तर, आणि त्यांतील बारूखच्या सहाव्या अध्यायात मूर्तींच्या अंगाखांद्यावर बसणारी वटवाघळे, पाकोळ्या आणि मांजरे आहेत. म्हणजे वसईच्या मुलाने ‘होय’ म्हटले तरी बरोबर आणि नगरच्या मुलीने ‘नाही’ म्हटले तरी बरोबर. परीक्षकाने काय करावे?

असो. हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत, चांगला परीक्षक बसवला की झाले. पण ज्या दोषासाठी मी लेखणी उचलली तो परीक्षक बदलून जाणारा नाही.

शमशोनाच्या बायकोचे नाव काय? या प्रश्नाला ‘दलीला’ असे उत्तर येते आणि ते चूक आहे. दलीला पुढची. त्याने लग्न केले ते तिम्ना गावच्या एका पलिष्टी मुलीशी, आणि तिचे नाव पुस्तकात नाही. म्हणून मग हा प्रश्नच वगळतात. त्याऐवजी विचारतात: शमशोनाने कोणत्या प्राण्याला हातांनी फाडले? सिंहाला. सिंहाच्या सांगाड्यात काय सापडले? मध. शेपट्यांना मशाली बांधून किती कोल्हे सोडले? तीनशे.

या तीन उत्तरांच्या मधोमध ती मुलगी उभी आहे. लग्नाच्या मेजवानीत शमशोनाने सिंह आणि मध यांवरून एक कोडे घातले आणि तीस सोबत्यांशी तीस झगे व तीस पोशाखांची पैज लावली. सात दिवसांची मुदत होती. कोडे सुटेना, तेव्हा त्या तिसांनी नवरीला गाठून दम दिला, की उत्तर काढून आण, नाहीतर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला आग लावू. ती नवऱ्यापाशी रडली. सातव्या दिवशी त्याने उत्तर सांगितले, तिने ते त्यांना पोचवले. आजच्या भाषेत पेपर फुटला. पैज हरलेला शमशोन संतापून निघून गेला. बापाने मुलगी त्याच्या सोबत्याला देऊन टाकली, ते कळल्यावर त्याने कोल्हे सोडून पलिष्ट्यांची उभी पिके जाळली, आणि पलिष्ट्यांनी येऊन तिला आणि तिच्या बापाला जाळले. ज्या आगीच्या भीतीने तिने उत्तर फोडले, त्याच आगीत ती गेली. कोल्हे किती, हे आमच्या शब्बाथशाळेतल्या सात वर्षांच्या मुलाला येते. ती का जळाली, हे कोणी कोणाला विचारलेले मी ऐकले नाही.

अशा बिननावाच्या बायका किती सांगाव्यात! नोहाची बायको. लोटाची बायको. बापाच्या नवसापायी मेलेली इफ्ताहाची मुलगी. कोडग्रस्त सेनापती नामान याला बरे होण्याची वाट सांगणारी त्याच्याच घरची लहान दासी. मेजाखालची कुत्रीदेखील मुलांच्या हातचे चुरे खातात, असे प्रत्यक्ष येशूला उलट बोलून आपल्या मुलीसाठी कृपा मिळवणारी ती परकी आई. नाव विचारणाऱ्या परीक्षेत यांतल्या एकीलाही जागा नाही.

कोणी म्हणेल, की मग दोष पुस्तकाचा, परीक्षकाचा काय? इथेच तर खरी मजा आहे. हे पुस्तक नावे देताना आंधळेपणाने देत नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा हिब्रू मुलगे जन्मताच मारण्याचा हुकूम सोडतो. एवढा मोठा सम्राट, पण त्याचे नाव दिलेले नाही. फारो ही नुसती पदवी. हुकूम न मानणाऱ्या दोन सुइणींची नावे मात्र लिहून ठेवली आहेत: शिप्रा आणि पुवा. येशूने सांगितलेल्या दृष्टान्तांत नाव असलेले पात्र एकच, आणि ते म्हणजे दाराशी पडलेला, ज्याचे फोड कुत्री चाटत तो भिकारी लाजर. आत मेजवान्या झोडणारा श्रीमंत बिननावाचा राहिला. ‘सुइणींची नावे सांगा’ असा प्रश्न आमच्याकडे येतो आणि दोन गुण मिळतात. पण सुइणींना नाव आणि राजाला का नाही, एवढे विचारले तर मुले घंटीवरचा हात काढून क्षणभर गप्प बसतील. मला ती गप्प बसलेली मुले पाहायची आहेत.

गेल्या नाताळात मंडळीतल्या मोठ्या माणसांसाठीही परीक्षा ठेवली होती. ती लेखी होती. माझ्या आजीला अक्षर येत नाही, त्यामुळे तिचा प्रश्नच मिटला. आजीचे बायबल कानांनी शिकलेले: पाळकसाहेबांचे उपदेश, रेव्हरंड टिळकांची भजने, कीर्तने, आणि अलीकडे मी वाचून दाखवते ते. बाजरी निवडता निवडता तिने मला हागारेची गोष्ट सांगितली. हागार ही साराची मिसरी दासी. छळाला कंटाळून पोटुशी असताना रानात पळाली, तेथे झऱ्यापाशी देवदूताने तिला गाठले. आजी म्हणाली, “सारा बी तिला दासी म्हणती, अब्राहाम बी दासी म्हणतो. नाव घिऊन कुणी हाक मारली का? दूतानं मारली. हागारे, कुठून आलीस, कुठं निघालीस, आसं इचारलं. मंग तिनं देवाला नाव ठिवलं.”

मी पुस्तक काढून पाहिले. आजी म्हणते तसेच आहे. त्या अध्यायात तिचे मालक तिचा उल्लेख दासी म्हणूनच करतात, आणि तिला नावाने पहिली हाक देवदूत मारतो. त्यानंतर ती दासी देवाला ‘पाहणारा देव’ असे नाव ठेवते. (नावे ठेवत नाही, नाव ठेवते. मराठीत एवढ्याने केवढा फरक पडतो!) ही बाई लेखी परीक्षेला बसू शकत नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्चून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण छापून निघाले. पुस्तकी भाषेशी गाठ न पडलेल्या बायकांना कळावे म्हणून तो खटाटोप होता. आम्ही मात्र त्याच पुस्तकाची परीक्षा अशी घेतो, की तशा बायकांनी दाराबाहेर बसावे.

खुद्द बायबलमध्ये परीक्षा आहेत, पण त्या आमच्यासारख्या नाहीत. शबाच्या राणीने शलमोनाला कठीण प्रश्न विचारले. तिचे नावही राहिले नाही आणि प्रश्नही राहिले नाहीत, उरली ती शलमोनाची वाहवा. प्राण्यांवरची सर्वांत मोठी प्रश्नपत्रिका ईयोबाच्या पुस्तकात आहे आणि ती देवाने काढली आहे. रानबकऱ्या केव्हा वितात ते तुला ठाऊक आहे का? रानगाढवाला मोकळे कोणी सोडले? घोड्याला बळ तू दिलेस काय? बहिरी ससाणा तुझ्या अकलेने उडतो की काय? शहामृग, गरुड, कावळ्याची भुकेली पिले, लिव्याथान, सगळे येऊन जातात. ईयोब एकाचेही उत्तर देत नाही, तोंडावर हात ठेवतो. आणि निकाल काय लागतो? ज्यांच्यापाशी सगळी उत्तरे तयार होती ते त्याचे मित्र चुकीचे ठरतात आणि ईयोब बरोबर ठरतो.

येत्या नाताळच्या स्पर्धेसाठी काही प्रश्न मी लिहून काढले आहेत. बलामाला न दिसलेला देवदूत त्याच्या गाढवीला तीनदा दिसला, तो का? कावळ्यांनंतर एलीयाला ज्या विधवेने शेवटच्या मूठभर पिठाची भाकर दिली, तिला आपण काय नाव द्यावे? उत्तरे तोंडी द्यायची. वेळ हवा तेवढा. लिहिता न येणाऱ्यांनी पुढच्या बाकावर बसायचे. पाळकसाहेबांनी कागद वाचला आणि विचारले, “गुण कसे देणार?” या कॉलेजातले आमचे प्राध्यापकही बहुधा हेच विचारतील.

यादीतला शेवटचा प्रश्न योनाच्या पुस्तकातला, पण माशाचा नव्हे. निनवे शहरावर अरिष्ट येणार असे कळल्यावर राजाने सर्वांना उपास फर्मावला. माणसांनी अन्नपाणी घ्यायचे नाही, गोणपाट नेसायचे, आणि गुराढोरांनीही तसेच करायचे. हे योग्य झाले काय? घरी विचारून पाहिला तेव्हा आजीच्या हातातले सूप थांबले. “उपास मानसानं धरावा,” ती म्हणाली. “मुक्या जनावराला पानीसुदीक न्हाई? दुभती आसत्याल की त्यात.” मग तिने मला पुस्तकाचा शेवट वाचायला लावला. त्या शहरात एवढी लेकरासारखी अजाण माणसे आणि एवढी गुरे असता मला दया येऊ नये काय, असे देव योनाला विचारतो, आणि योनाचे उत्तर दिलेले नाही. गुरांपाशी आल्यावर आजी म्हणाली, “तेवढं परत वाच.”